पुतळा, भिंत की सातबारा? कॅलिफोर्नियातल्या आफ्रिकन-अमेरिकन माणसांवर संघात बोलायचंय

नाशिकरोडची_बाई

नमस्कार मंडळी.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सभासदांपैकी कुणीतरी बोलतं. फेब्रुवारीची पाळी माझी. (२७ तारीख मराठी भाषा गौरव दिनाची, त्या दिवशी कवी मंडळी असतात, तिथे आपल्याला कोण विचारतंय.) अध्यक्ष म्हणाले, "बाई, सहा महिने लेकाकडे राहून आलात, अमेरिका सांगा." आता नायगारा आणि ग्रँड कॅन्यन आमच्याकडे इतक्यांदा सांगून झालेत की न गेलेल्यांनाही पाठ आहेत. मी म्हटलं, तिकडे फेब्रुवारी हा आफ्रिकन वंशाच्या माणसांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात, तर कॅलिफोर्निया घडवायला हात लावलेल्या त्या माणसांबद्दल बोलते. त्यांनी मान डोलावली आणि फळ्यावर लिहून टाकलं: "काळ्यांचा इतिहास". संघात काळे आडनावाची तीन कुटुंबं आहेत. त्यातल्या एकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फिरताना थांबवून विचारलं, आमची वंशावळ तुम्हाला कुठे मिळाली?

तर पहिली अडचण ही. शब्द कोणता वापरू? आमच्या वेळच्या पुस्तकांत 'निग्रो' असायचं. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, वर्गात मीही तो बिनदिक्कत वापरलाय, आता आठवलं की कसंतरी होतं. 'कृष्णवर्णीय' म्हटलं की बातम्या दिल्यासारखं वाटतं. आणि 'आफ्रिकन-अमेरिकन' पंचवीस मिनिटांत तीसदा म्हणायचं तर माझी कवळी सैल आहे.

दुसरी अडचण मोठी, पण ती कळायला आधी गोष्ट सांगावी लागेल.

लेकाचं ऑफिस लॉस एंजेलिसच्या जुन्या पेठेत. एक दिवस तो कामावर गेला आणि मी स्प्रिंग स्ट्रीटच्या आसपास हिंडत बसले. इमारतींच्या आडोशाला एक काँक्रीटची भिंत लागली, ऐंशी फूट तरी लांब. तिच्यावर दहा-दहा वर्षांचे टप्पे पाडून एका बाईचं आयुष्य मांडलंय. नाव बिडी मेसन. (ब्रिजेटचं बिडी. हे नाव संघात उच्चारलं की निम्म्यांना सिन्नरच्या विड्या आठवणार, हे आणखी एक संकट.) पर्समधून चष्मा काढला आणि उभ्या उभ्या सगळी भिंत वाचली.

ही १८१८ ची. जन्मापासून गुलामीत. मालकाने मॉर्मन हा ख्रिस्ती पंथ घेतला आणि १८४८ मध्ये सगळं बिऱ्हाड घेऊन मिसिसिपीहून पश्चिमेकडे निघाला. त्याची माणसं गाड्यांत, ही गाड्यांच्या मागे पायी, गुरं हाकत. बरोबर तीन मुली, धाकटी अंगावर पिणारी. सतराशे मैल. मी हिशेब केला, नाशिकहून चालत काशीला जायचं आणि चालत परत यायचं, तरी थोडं उरतं. यूटापर्यंत ही अशी आली. तिथून १८५१ मध्ये कॅलिफोर्नियात, सॅन बर्नार्डिनोला. आणि कॅलिफोर्निया तर १८५० मध्ये राज्य झालं तेच गुलामगिरीला मनाई करून! कायद्याने तिला कुणी बांधून ठेवू शकत नव्हतं. पण सांगणार कोण? तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मालक थोडाच वाचून दाखवणार. चारपाच वर्षं तशीच राबली.

मग मालक सगळ्यांना टेक्ससला न्यायला निघाला. टेक्ससमध्ये गुलामगिरी कायदेशीर. तेव्हा ओवेन्स नावाच्या कुटुंबाने शेरीफपर्यंत खबर पोचवली. हे कुटुंबही आफ्रिकन वंशाचं, घोड्या-गुरांच्या धंद्यातलं. जानेवारी १८५६ मध्ये न्यायाधीश बेंजामिन हेज यांच्यापुढे प्रकरण उभं राहिलं. आता तिथला कायदा असा की गोऱ्या माणसाविरुद्ध हिची साक्षच चालत नाही. हेजनी तिला आपल्या खोलीत बोलावून घेतलं आणि विचारलं, तू आपल्या मर्जीने चालली आहेस का? तिच्यासकट चौदा जण सुटले. त्यात बहुतेक लेकरंच.

पुढे तिने सुईणपण केलं. एका डॉक्टरांकडे दिवसाला अडीच डॉलर. दहा वर्षं पै-पै साठवून १८६६ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटला २५० डॉलरला जमीन घेतली, म्हणजे मी चष्मा लावून उभी होते तिथेच. १८७२ मध्ये तिच्या घरात फर्स्ट ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च सुरू झालं, ते आजही चालू आहे. एकदा पूर आला तेव्हा घरं गेलेल्यांसाठी तिने किराणा दुकानात आपल्या नावावर खातं उघडून दिलं. मला हे फार आवडलं. १८९१ मध्ये गेली तेव्हा चांगली पैसेवाली बाई होती.

आणि थडग्यावर दगड नाही. सत्त्याण्णव वर्षं. १९८८ मध्ये महापौर टॉम ब्रॅडली (त्या शहराचे पहिले आफ्रिकन-अमेरिकन महापौर) आणि तिच्या चर्चची माणसं यांनी मिळून दगड बसवला. पुढच्या वर्षी ती भिंत झाली.

माझं अडलंय ते इथे. भिंत वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. पण घरी येताना वाटत राहिलं की सन्मान करायला शंभर वर्षं का लागतात, आणि केला की तो भिंतीचाच का असतो? हे पंचवीस मिनिटांत सत्तरीच्या लोकांपुढे, ज्यांचं लक्ष पोह्यांच्या वासाकडे असतं, कसं मांडू? एकटी मेसन पुरे की आणखी माणसं घेऊ?

सातबारावाला

बाई, नमस्कार. महसूल खात्यात चौतीस वर्षं, निफाड भागातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त. तुमच्या सगळ्या गोष्टीत माझी नजर एकाच ओळीवर थांबली: २५० डॉलरला जमीन घेतली. माणूस रस्त्यावर चालून गेला याची नोंद राहत नाही. खरेदीखताची राहते.

मुलगी-जावई तिकडेच असतात. मागच्या खेपेला जावई मॅनहॅटन बीच म्हणून गाव आहे तिथे समुद्रावर घेऊन गेला. जीवरक्षकांचं ऑफिस, गाड्या लावायची जागा, वर चढावर हिरवळ. म्हणाला, "बाबा, ही तुमच्या खात्याची केस आहे." ती सांगतो, तुमच्या भाषणात बसते का बघा.

विला ब्रूस नावाची बाई आणि तिचा नवरा चार्ल्स. बाईने १९१२ मध्ये समुद्राला लागून एक प्लॉट १,२२५ डॉलरला घेतला. त्या काळी आफ्रिकन वंशाच्या माणसांना बहुतेक किनाऱ्यांवर पाय ठेवू देत नसत. यांनी तिथे खानावळ, कपडे बदलायच्या खोल्या, नाचायला हॉल असं सगळं उभं केलं. लॉस एंजेलिसहून कुटुंबंच्या कुटुंबं रविवारी यायला लागली. आजूबाजूच्या गोऱ्यांना खुपलं. गाड्यांच्या चाकांची हवा सोडणं, 'इथे दहा मिनिटंच गाडी लावा' अशा खोट्या पाट्या लावणं, आग लावायचा प्रयत्न, सगळं झालं. हे हलत नाहीत म्हटल्यावर १९२४ मध्ये नगरपालिकेने भूसंपादनाचा ठराव घेतला. सार्वजनिक प्रयोजन: बाग.

आमच्या खात्यात 'सार्वजनिक प्रयोजन' हे दोन शब्द मी किती हजार वेळा लिहिले असतील. कुठल्या फायलीवर ते खरे होते आणि कुठल्या फायलीवर नव्हते, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं.

ब्रूस कुटुंबाने जमीन आणि नुकसानभरपाई मिळून १,२०,००० डॉलर मागितले. हातात पडले १४,५००. बांधकाम पाडलं. आणि बाग? ती जागा कित्येक दशकं तशीच पडून. पुढे ती राज्याकडे गेली, १९९५ मध्ये राज्याकडून काउंटीकडे (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा). २००७ मध्ये वरच्या हिरवळीला 'ब्रूसेस बीच' नाव दिलं, पाटी लावली. तुमच्या भिंतीसारखंच. पण या वेळी काही लोक पाटीवर गप्प बसले नाहीत. म्हणाले, पाटी ठेवा, जमीन द्या.

आता मजा ऐका. राज्याने काउंटीला जागा देताना ती पुढे कुणाला द्यायची नाही अशी अट घातलेली. म्हणजे आपली भोगवटादार वर्ग दोनची जमीनच. अट उठवायला विधिमंडळात वेगळा कायदा करावा लागला. ३० सप्टेंबर २०२१ ला राज्यपालांनी त्यावर सही केली. जुलै २०२२ मध्ये ब्रूसच्या पणतूंच्या नावे फेरफार झाला. काउंटीने ती त्यांच्याकडून वर्षाला ४,१३,००० डॉलरने भाड्याने घेतली, आणि २०२३ मध्ये वारसांनी ती काउंटीलाच जवळपास दोन कोटी डॉलरला विकून टाकली.

विकली म्हणून तिकडे पुष्कळांनी नाकं मुरडली म्हणे. का मुरडावीत? मालक आहे तो. ठेवेल, विकेल, नारळ लावेल.

आपल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १०१ आहे. संपादित जमीन पाच वर्षं वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा वारसांना परत, किंवा सरकारच्या भूमी बँकेत. या दुसऱ्या 'किंवा'मध्ये माझी नोकरीची शेवटची वर्षं गेली. जास्त लिहीत नाही.

गोदाकाठचा_उनाड

फेब्रुवारीत अमेरिकेची आरती कशाला ते कळलं नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर इथे दख्खनमध्ये निजामशाहीचा कारभारी झाला, जमिनीची मोजणी करून सारा बसवला, खडकी (आजचं संभाजीनगर) वसवली, तिथे जमिनीखालून नहर काढून पाणी खेळवलं. शहराची नावं पुढे तीनदा बदलली, पाण्याचे नळ त्याचेच. १६२६ मध्ये वारला, खुलताबादला कबर आहे. नाशिकहून सकाळी निघालात तर रात्रीच्या जेवणाला परत. त्याच्यावर बोलायला कुणाला पासपोर्ट लागत नाही.

शरणपूरची_लेक

उनाडभाऊंचा सूर सोडा, पण मुद्द्याला मी जरा आणखी जवळ आणते. संभाजीनगरला जायचीही गरज नाही. शहर बसने शरणपूर रोडला उतरा.

मी शरणपूरची. लहानपणी संडे स्कूलमध्ये लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाची गोष्ट ऐकलेली, आफ्रिकेत मेला आणि त्याच्या नोकरांनी त्याचं प्रेत समुद्रापर्यंत आणलं. त्या गोष्टीत नाशिक कधी आलंच नाही. ते मला पुढे, नोकरी संपल्यावर वाचायला लागले तेव्हा सापडलं.

ब्रिटिश नौदल अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. त्यावर पूर्व आफ्रिकेतून पळवलेली माणसं असायची, पुष्कळ तर दहा-बारा वर्षांची पोरं. त्यांना मुंबईत उतरवायचे. त्यातली बरीच पोरं इथे पाठवली, चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ च्या सुमारास नाशिकबाहेर वसवलेल्या वस्तीत. शरण आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर. तिथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रम होता, त्यांना लिहा-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम असं शिकवत. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचं नावच पडलं, 'नासिक बॉइज'.

१८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा यातली नऊ पोरं बरोबर घेऊन गेला. १८७२ मध्ये त्याच्या मदतीला जी तुकडी गेली तिच्यातही शरणपूरचे होते, त्यातला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावात, आजच्या झांबियात, वारला. सोबत्यांनी काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच, कारण अक्षरओळख नाशिकला झालेली. मग देह वाळवून, कापडात आणि सालीत गुंडाळून, महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणला. बाई, तुमच्या मेसनबाईंचं चालणं वाचताना मला हेच आठवत होतं. जेकब पुढे प्रेताबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला हात लावून चालणाऱ्या आठांत तो एक होता. शरणपूर रोडवरचा मुलगा!

त्यानंतर पुष्कळ जणांना इथून परत आफ्रिकेला नेलं. मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसलं, मुंबईच्या माजी गव्हर्नरच्या नावाने. तिथे हे 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणून ओळखले जात, म्हणजे इथे आफ्रिकन आणि तिथे बॉम्बेवाले. वस्तीत गुलाम पकडणारे आले की सावध करायला घंटा वाजवायचे, ती घंटा आजही तिथे उभी आहे.

आमच्या शरणपूर रोडला दवाखाने, दुकानं, क्लास सगळं आहे. जेकबच्या नावाचा खांबसुद्धा नाही. सातबारावाले काका म्हणतात पाटी ठेवा, जमीन द्या. आमच्याकडे आधी पाटी तरी येऊ दे.

नाशिकरोडची_बाई

शरणपूरच्या ताई, मी डी.एड. करताना दोन वर्षं शरणपूर रोडने रोज गेलेय. शरण कोण आलं होतं, हे एकदाही मनात आलं नाही. आणि मी इतिहासाची बाई. आता काय म्हणावं.

उनाडराव, मलिक अंबरावर जरूर बोला. मार्चची पाळी मोकळी आहे, अध्यक्षांना तुमचं नाव सुचवते. पोहे बरे असतात.

काका, तुमचं 'पाटी ठेवा, जमीन द्या' घेतलं. ते वाचताना मला अलेन्सवर्थ आठवलं. सेक्वॉयाची झाडं बघायला जाताना वाटेत मुलाने मुद्दाम गाडी वळवली होती. तेव्हा उन्हाने डोकं दुखत होतं म्हणून मी नीट लक्ष दिलं नाही. अॅलन अलेन्सवर्थ १८४२ मध्ये केंटकीत गुलामीत जन्मला. अक्षरं शिकायचा प्रयत्न केला म्हणून लहानपणी विकला गेला. यादवी युद्धात पळाला, नौदलात शिरला, पुढे सैन्यात धर्मगुरू झाला आणि १९०६ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला. त्या हुद्द्यावर पोचलेला तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन. निवृत्तीनंतर आमच्यासारखा संघात जाऊन बसला नाही. १९०८ मध्ये चार जणांना घेऊन कॅलिफोर्नियाच्या मधल्या सपाटीवर स्वतःच्या माणसांचं गाव वसवलं. शाळा, वाचनालय, टपाल, स्वतःचा न्यायाधीश.

आता हे नाशिकच्या लोकांना समजावून सांगायला लागणार नाही: जमीन विकणाऱ्या कंपनीने पाण्याचं वचन दिलं आणि पाणी पुरेसं दिलंच नाही. आणि १९१४ मध्ये रेल्वेने थांबा शेजारच्या गावाला हलवला. ज्या गावाचं नावच 'रोड' लावून स्टेशनमुळे वाढलं त्या आमच्या गावात हे वाक्य म्हटलं की पुढे काही बोलावं लागणार नाही. त्याच वर्षी कर्नलना मोटरसायकलने उडवलं, त्यातच गेले. गाव हळूहळू ओस. आता ते राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे, घरं पुन्हा रंगवून उभी केलीत. शाळेतली बाकं बघून मी तेवढ्यापुरती डोकेदुखी विसरले होते. बाकं आमच्या शाळेतल्यासारखीच. रेल्वे अजूनही शेजारून जाते.

शब्दाचं मात्र कुणी बोललं नाही.

टॅकोमाकर

बाई, शब्दाबद्दल मी सांगतो. मूळचा सिडकोचा, बावीस वर्षं वॉशिंग्टन राज्यात.

इथे लोक सरळ 'ब्लॅक' म्हणतात, आणि २०२० पासून बऱ्याच वर्तमानपत्रांत तो शब्द मोठ्या अक्षराने लिहितात, माणसांच्या समूहाचं नाव म्हणून. आपल्या लिपीत मोठं अक्षरच नाही, त्यामुळे तो मान मराठीत देता येत नाही. 'निग्रो' टाळा. तुमच्या कॅलिफोर्नियातच फॉलसमजवळ एक सरकारी उद्यान आहे, सोन्याच्या काळात तिथे आफ्रिकन वंशाचे खाणकामगार वाळू चाळायचे. त्याच्या नावात तो शब्द होता, २०२२ मध्ये बदलून 'ब्लॅक मायनर्स बार' केलं. (बार म्हणजे नदीतला वाळूचा पट्टा.)

पण मराठीत मान द्यायला आपल्याकडे वेगळी सोय आहे. शरणपूरच्या ताईंनी नकळत केलंच आहे. 'मेसनबाई' म्हणा. सिन्नरचंही संकट टळतं. ब्रूसबाई, अलेन्सवर्थ कर्नल, वेनराइट. नाव घेतलं की वर्णाचा शब्द पंचवीस मिनिटांत दोनदाच लागेल, तिथे खुशाल 'आफ्रिकन-अमेरिकन' म्हणा, सावकाश.

जमिनीच्या मुद्द्याला आमच्याकडची जोड. जॉर्ज वॉशिंग्टन बुश नावाचा माणूस १८४४ मध्ये बायकामुलं घेऊन ऑरेगनकडे आला. ऑरेगनने त्याच वर्षी कायदा केलेला, आफ्रिकन वंशाच्या माणसाने इथे राहायचं नाही, राहिला तर फटके. म्हणून तो आणि त्याचे गोरे सोबती कोलंबिया नदी ओलांडून उत्तरेला आले आणि टमवॉटरला वसले. १८५२ च्या सुमारास धान्याची टंचाई पडली तेव्हा व्यापारी चढा भाव देत होते, त्याने त्यांना विकलं नाही, नव्याने आलेल्यांना वाटलं. पण जमिनीचा कायदा आला त्यात त्याला जागा नाही, हक्क गोऱ्यांना. शेजाऱ्यांनी अर्ज केला आणि १८५५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्या एका कुटुंबाच्या ६४० एकरांसाठी खास कायदा केला. त्याचा मुलगा १८८९ मध्ये राज्याच्या पहिल्या विधिमंडळात निवडून गेला.

आणि फुकट सन्मानाचा नमुना हवा असेल तर शेजारची किंग काउंटी, सिअॅटलवाली. हे नाव १८५२ मध्ये विल्यम रूफस किंग यांच्यावरून पडलं. ते उपराष्ट्राध्यक्षपदावर निवडून आलेले, घरी गुलाम बाळगणारे. १९८६ मध्ये काउंटीच्या सभेने ठराव केला की यापुढे हे नाव मार्टिन ल्यूथर किंग यांचं समजावं. एक अक्षर बदललं नाही. राज्याच्या कायद्यात यायला २००५ उजाडलं. मी रोज त्या पाटीखालून जातो. सुरुवातीला हसायचो, हा तर फाइलवरचा खेळ. आता वाटतं, इतक्या स्वस्तात झालं ते बरंच, पण त्याला सन्मान म्हणायचं तर ब्रूसबाईंच्या जमिनीला वेगळा शब्द शोधावा लागेल.

कॉलेजरोड_१९७४

कुणी कसं म्हटलं नाही? महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना अर्पण केली. मराठी श्रोत्यांना तिथून सुरुवात करा, दार लगेच उघडेल. काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या गावात तर नक्कीच.

नाशिकरोडची_बाई

फुल्यांची अर्पणपत्रिका घेते, पण सुरुवातीला नाही. तिथून सुरू केलं की लोक माना डोलावतात आणि झोपतात, कारण ती माहीत असते. शिवाय ती सोडवणाऱ्यांना आहे. मला चालणाऱ्यांबद्दल बोलायचंय. एक मात्र बघत बसले काल रात्री: त्याच १८७३ मध्ये मेसनबाई स्वतःच्या जमिनीवर सात वर्षांची मालकीण होत्या, आणि शरणपूरचा जेकब देह घेऊन समुद्राच्या वाटेला होता. पुण्यात फुले लिहीत होते. एकमेकांना कुणी ओळखत नव्हतं.

ठरवलं ते असं. मेसनबाई पहिल्या, सविस्तर, किराणा दुकानाच्या खात्यासकट. मग ब्रूसबाई, आणि तिथे सातबारावाले काकांनी दहा मिनिटं फेरफार आणि वर्ग दोन समजावून सांगावं अशी त्यांना विनंती आहे. काका, निफाडहून लोकल मिळेल ना? अलेन्सवर्थ वेळ उरला तर. बुश आणि किंग काउंटी प्रश्नोत्तरांत, कुणीतरी विचारतंच, "मग आता तिकडे काय परिस्थिती?"

शरणपूर या भाषणात घालत नाही. शेवटी 'आणि आपल्या नाशिकचंही' असं शेपूट लावलं की ते शेपूटच राहतं. त्याला वेगळा शनिवार हवा आणि तो शरणपूरच्या ताईंनी घ्यावा. काल मी तिथे जाऊन आले. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत. पाऊण तास लागला, गुडघा बोलायला लागला. सगळ्या डॉक्टरांच्या.

अध्यक्षांना सांगून फळ्यावरचा मजकूर बदलून घेतला. आता तिथे आहे: "मेसनबाई आणि त्यांची जमीन". आज सकाळी त्याच काळ्यांनी पुन्हा थांबवलं. म्हणाले, या मेसनबाई कोणत्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यात, आणि जमिनीचं काही लफडं आहे का.